मागच्या सीटवरचा रस्ता

समोर: धरण

"पाणी कुठवर दिसतंय?" उत्तराने विचारलं.

"थेट नदीच्या वळणापर्यंत. बंधाऱ्याला टेकून साठलंय."

"रंग?"

"निळा."

"असा मोघम निळा मी कोर्टात चालू देत नाही. कुठला निळा?"

"रेशनच्या रॉकेलचा."

"हां. आता दिसलं."

नळदुर्गच्या किल्ल्यात उपळी बुरूज सगळ्यांत उंच. जानेवारीतली सकाळ. वारा असा, की उत्तराच्या ओढणीचं टोक सारखं माझ्या तोंडावर येत होतं. ती कठड्याला हात लावून उभी आणि मी तिच्या कानाशी.

उत्तराची नजर नवव्या वर्षी तापात गेली. त्याआधीचे रंग मात्र तिच्याकडे शाबूत आहेत. रॉकेल, पाटीवरची ओली रेघ, आईची पोपटी साडी, सोलापुरी चादरीतला तांबडा. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. लग्न झाल्यापासून मी तिच्या त्या साठ्यातला एकेक रंग काढायचा आणि समोरच्या गोष्टीला लावायचा, असं आमचं चालत आलेलं. दर हिवाळ्यात दोन सीटांच्या सायकलवरून आम्ही भुईकोट किल्ले बघत हिंडायचो. बघत म्हणजे मी बघत आणि ती ऐकत.

"पाण्यावर बदकं आहेत ना?" ती म्हणाली.

"नाहीत. बाटल्या तरंगतायत."

"पंखांचा आवाज आला."

"पारवे. बुरुजाच्या भोकातून उडाले. बदकं नाहीत."

"बरं."

मग मी तिला तोफेकडे नेलं. केवढी लांब आहे ते तिला कळावं म्हणून तिचा हात तोफेच्या तोंडावर ठेवला आणि स्वतः मोजत, बोलत, मागे मागे सरकत गेलो. "अजून आहे. अजून आहे. आणि अजून..." तोफ होती. पायरी संपली होती.

मनगटावर पडलो.

डावीकडे: येमूल

परत सांगतो, कारण बुरुजावर आम्ही दोघंच नव्हतो.

तिसरा होता नागनाथ येमूल. मला उठवलं त्यानेच. गळ्यातला टॉवेल काढला, त्याच्याच मागावर विणलेला, आणि माझं मनगट असं करकचून बांधलं की मी ओरडलो. त्याने लक्षच दिलं नाही.

"मोडलं नाय," तो म्हणाला. "मुरगाळलंय. बसा की ओ सर जरा."

सोलापुरात त्याचे बारा-चौदा यंत्रमाग. टॉवेल काढायचा. शेडच्या मालकीवरून चुलत्याशी दावा लागला आणि त्याने उत्तराला वकीलपत्र दिलं. ती सायकल चालवते हे कळल्यावर रविवारी आमच्याबरोबर यायला लागला. पंचेचाळिशीचा असेल. बायको जाऊन काही वर्षं झालेली. मांड्या दगडासारख्या, केस कानांवर वाढवलेले आणि काळेभोर रंगवलेले. बोलायचा थोडं. हसायचा फार.

आणि उत्तरा बोलायला लागली की तो तिच्या ओठांकडे बघायचा.

चेहऱ्याकडे नव्हे. ओठांकडे. जवळ सरकून, मान थोडी पुढे काढून, एखादी वीण तपासावी तसा. ती थांबली की त्याची नजर सुटायची. पुन्हा बोलली की पुन्हा तिथेच. घरी, रस्त्यावर, चहाच्या टेबलाशी, हे बघणारा माणूस मी एकटा. तिला ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि या एका गोष्टीचं वर्णन मी तिला कधीच केलं नव्हतं. काय सांगणार? तुझा पक्षकार तुझ्या ओठांकडे बघतो? एकदा सांगितलं की त्याच्यासमोर बोलताना तिला स्वतःच्या ओठांची आठवण झाली असती. तेवढंही मला त्याला द्यायचं नव्हतं.

समोर: चहा

किल्ल्याच्या दरवाजाबाहेरच्या टपरीवर बसलो. माझं मनगट पावासारखं फुगलं होतं. जोडसायकलचं पुढचं हँडल एका हाताने सांभाळणं शक्य नव्हतं. पुढचा किल्ला औशाचा, आणि औसा अजून दिवसभराच्या वाटेवर.

"एसटीने जाऊ," मी म्हणालो. "सायकली टपावर टाकू."

"एवढी थंडी, एवढा छान रस्ता, आणि टपावर?" उत्तरा म्हणाली. "येमूलशेठ, तुम्ही पुढे बसाल का माझ्या?"

येमूल तिच्या ओठांकडे बघत होता. "बसतो की. सर माझी सायकल घेतील. हलकी हाय, एका हाताने बी जाईल."

"तुम्ही दोन सीटांची कधी चालवलीय?" मी विचारलं.

तो हसला. "हां, हां."

"कधी?"

"हां, लै भारी हाय."

उत्तराने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "भालू, उलटतपासणी माझ्याकडे असते. त्यांना जमेल."

किती लवकर म्हणाली ती हे. मी बशीतला चहा संपवीपर्यंत सगळं ठरलं होतं. येमूल उठला, त्याच्या सायकलच्या हँडलवरचा गोल आरसा पान्याने काढला आणि आमच्या सायकलला बसवला. वाकून, डोळा बारीक करून, नीट कोन जुळवला. मी त्याच्या मागे जाऊन पाहिलं. आरशात मागची सीट दिसत होती.

तेवढ्यात त्याने आणखी एक गोष्ट काढली.

"मॅडम, आमचा ग्रुप माघात बिदरला चाललाय. उदगीर करून, पुढं बिदर. लै मोठा किल्ला हाय म्हणत्यात. सरांचा हात तर आता महिनाभर..." त्याने माझ्याकडे बघून तोंड वाईट केलं. "तुम्ही येता का? मी नेतो. आज औशात पोचल्यावर सांगा म्हणजे मुक्कामाचं कळवतो."

बिदर आमचं ठरलेलं होतं. म्हणजे माझं. दोन वर्षं मी त्याचे नकाशे जमवत होतो. तिथे कुठला रंग कुठून काढायचा याचाही विचार करून ठेवला होता.

"औशात सांगते," उत्तरा म्हणाली.

नाही म्हणाली नाही. औशात सांगते म्हणाली.

मागून

जोडसायकलबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पुढच्याच्या हातात हँडल आणि ब्रेक. मागच्याने फक्त पाय मारायचे. पण दोघांची पायडलं एकाच साखळीने बांधलेली असतात. पुढच्याचा उजवा पाय वर, की मागच्याचा उजवा वर. तो थांबला की ती थांबणार. ती जोर लावेल तो त्याच्या टाचांना कळणार.

इतकी वर्षं मी त्या साखळीच्या पुढच्या टोकाला होतो. हे मागून कसं दिसतं मला माहीत नव्हतं.

हमरस्ता सोडून आम्ही आडवाटेला लागलो. डांबरी, अरुंद, जवळजवळ रिकामी वाट. हलका चढ, हलका उतार, पुन्हा चढ. येमूलच्या पोटऱ्यांचे गोळे आणि उत्तराच्या पांढऱ्या सलवारीतले पाय. वर, खाली. वर, खाली. एकत्र. चार पायांचं एक जनावर चाललं होतं आणि मी त्याच्या मागे.

(डावीकडे करडई. फुलं पिवळी, काही केशरी. केशरी म्हणजे बुंदीच्या लाडवातला.)

मी हे मोठ्याने म्हणालो होतो. माझ्यापुढे मोकळा रस्ता होता.

(उजवीकडे हरभरा. बांधावर बाई. डोक्यावर... कळशी नाही, टोपली.)

टोपली आहे हे कुणाला सांगत होतो मी?

मग तिने हात उचलला आणि त्याच्या पाठीवर ठेवला.

दोन थापा. सायकल मंदावली. येमूलने बाटली काढून मागे केली, मान न वळवता, आणि तिने अचूक घेतली. पाणी पिऊन परत दिली. एक थाप. सायकल पुन्हा पळायला लागली. माझ्या पाठीवर तिने असा हात कधी ठेवला नव्हता. गरजच पडत नसे. काही हवं तर ती सांगायची. म्हणजे मी बोलायचा थांबलो की सांगायची.

आणि ती बोलायला लागली.

आमच्या सायकलवर उत्तरा गप्प असायची. मी खांद्यावरून मागे बोलत राहायचो, ती मधूनमधून हुं म्हणायची, एखादा प्रश्न विचारायची, एखादा अंदाज करायची. आता वळणावर सायकल तिरकी झाली की तिची एक बाजू दिसत होती, आणि तिचं तोंड हलत होतं. एक वाक्य नव्हे. अखंड. पुढच्या वळणावरही हलत होतं. त्याच्या पुढच्यावरही. वारा समोरून होता, तरी एक शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

येमूल आरशात बघत होता.

न ऐकू आलेली संभाषणं

पहिलं.

ती: आमच्या ह्यांना गप्प बसणं म्हणून माहीत नाही.

तो: लै बोलत्यात सर.

ती: तुम्ही कसे शांत आहात.

तो: मॅडम, तुम्ही बोला, मी ऐकतो.

दुसरं.

ती: बिदरला किती दिवस लागतील?

तो: तुम्ही म्हणाल तेवढे.

ती: भालूला काय सांगू?

तो: हात दुखतोय त्याचा. हात दुखतोय म्हणा.

तिसरं मला रचता आलं नाही. कारण एका लांब वळणावर मला ती बराच वेळ स्पष्ट दिसली. ती हसत नव्हती. लाजत नव्हती. चेहरा वर केला होता, उन्हाकडे, आणि ती सावकाश, मोठमोठे विराम घेत काहीतरी सांगत होती. मध्येच थांबायची, नाक वर करायची, पुन्हा बोलायची. तो चेहरा मी ओळखत नव्हतो. बारा वर्षांच्या संसारात बायकोचा एक चेहरा मी पाहिलेला नाही, आणि तो काढून घ्यायला टॉवेलवाला लागला. मी पायडल इतक्या जोरात मारलं की एका हाताने हँडल वाकडं झालं आणि शाळूच्या रानात शिरता शिरता वाचलो.

(समोर: ते लहान होत चाललेत.)

(समोर: नुसता रस्ता.)

थांबा

एका रानापाशी त्यांनी माझी वाट बघितली. कडेला आगटी पेटलेली, शेतकऱ्याने ओळख नसताना हुरडा चोळून दिला होता. मी पोचलो तेव्हा उत्तरा गोवऱ्यांच्या धगीपाशी उकिडवी बसून ओंजळीतून फुंकर मारून खात होती. येमूल तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा.

"भालू, ये. गरम आहे," तिने माझा पायरव ओळखला. तिचे गाल लाल झाले होते.

मी तिच्या बाजूला बसलो, येमूलच्या आणि तिच्या मध्ये बसता येईल तितका.

"बराच वेळ गप्पा चालल्या होत्या," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"येमूलशेठनी वाटेत एक शब्द काढला नाही," ती म्हणाली. आणि मग, ओंजळीत फुंकर मारत, "लग्नानंतर इतकी मजा मला सायकलवर आली नव्हती."

शेतकरी हसला. येमूलही हसला. कशाला ते त्याला कळलं होतं असं मला तेव्हा वाटलं.

"तूर ओली आहे अजून," उत्तरा म्हणाली. "आपण तुरीच्या रानातून आलो ना बराच वेळ?"

"शाळू होता," मी म्हणालो. "तूर एकाच तुकड्यात होती."

ती उठली. हात झाडले. "चला, येमूलशेठ," असं म्हणाली नाही. पुढे झाली, त्याच्या दंडाला स्पर्श केला, आणि तो उठला.

समोर: औसा

औशाच्या किल्ल्यापाशी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. किल्ला गावाच्या पातळीत बसलेला, लांबून दिसत नाही. खंदकाशी आलं की एकदम तट समोर. उत्तरा तटाच्या सावलीत एका दगडावर बसली आणि बूट काढून पाय चोळायला लागली. येमूल रस्त्यापलीकडच्या रसवंतीकडे निघाला. मी त्याच्या मागे गेलो.

मला दिवसभरात वाक्यं तयार करायला भरपूर वेळ मिळाला होता. चरख्याचा खडखडाट होता. घुंगरं वाजत होती. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि चरख्याकडे बघत, दात आवळून, पण अगदी सभ्य आवाजात म्हणालो, "येमूल, माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघणं आजपासून बंद. तुम्ही विधुर आहात, मला कळतं. पण ती आंधळी आहे म्हणून मीही आंधळा आहे असं समजू नका. बिदर विसरा. दावा दुसऱ्या वकिलाकडे न्या."

येमूलने माझ्याकडे पाहिलं आणि प्रसन्न हसला.

"हां, हां," तो म्हणाला. "लै भारी झालं आज."

"मी काय म्हणतोय?"

"घ्या की. आलं-लिंबू घालून सांगू?"

"येमूल!" मी ओरडलो. रसवाला थांबला. चरखा थांबला. बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

येमूलचं हसू गेलं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या ओठांकडे. तसंच. मान पुढे काढून. मग त्याने पँटच्या खिशातून तंबाखूची छोटी डबी काढली, उघडली, आतून कापसात ठेवलेलं शेंगदाण्याएवढं काहीतरी काढलं, कानावरचे केस बाजूला केले आणि ते कानात बसवलं. दुसरं दुसऱ्या कानात.

"आता बोला सर. काय म्हणत होता?"

मी त्याच्या कानांकडे बघत राहिलो.

"वाऱ्यात नुसती शिट्टी मारतंय ओ हे," तो म्हणाला. "म्हणून सायकलवर काढून ठेवतो. मागाच्या शेडमध्ये वीस वर्षं काढली. तिथं सगळे असंच बोलत्यात, तोंड बघून. आवाज कुणाला येतोय? म्हणून आरसा लावतो. मागनं ट्रक आला तर कळाया नको?" तो एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडमना ठाऊक हाय. पण तुम्ही कुणाला बोलू नका. दाव्यात चुलता म्हणंल, बहिरा हाय, ह्याला धंदा जमत नाय. मॅडम म्हणाल्या, नवऱ्याला बी सांगणार नाय. पक्कं पाळलं बघा त्यांनी." आणि मग पुन्हा, काळजीने, "तुम्ही काय म्हणत होता, सर?"

बाकावरच्या बायका वाट बघत होत्या.

"आलं-लिंबू," मी म्हणालो. "घालून."

ओठ, आरसा, थापा. रस पिताना एकेक गोष्ट माझ्या हातून सुटत गेली. सकाळपासून जो माणूस मी मनात उभा केला होता तो चरख्यातून निघालेल्या चिपाडासारखा समोर पडला. मोकळं वाटायला हवं होतं. अर्धा ग्लास संपेपर्यंत वाटलंही.

मग प्रश्न पडला.

मागे: उत्तरा

"तुला माहीत होतं त्याला ऐकू येत नाही," मी म्हणालो. रसाचा ग्लास तिच्या हातात दिला.

"हो."

"सायकलवर तर काहीच नाही."

"काहीच नाही."

"मग तू बोलत काय होतीस?"

ती रस पीत राहिली.

"मी मागून पाहिलं, उत्तरा. वळणावळणावर. तोंड बंद नव्हतं तुझं. एका बहिऱ्या माणसाच्या पाठीला तू दिवसभर काय सांगत होतीस?"

"रस्ता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे रस्ता. डावीकडे काय, उजवीकडे काय. इथे पाणी दिलंय, माती ओली आहे. इथे झाडं दाट आहेत, आवाज जवळून परत येतोय. इथे घर आहे, भाकरी करपलीय, सून नवी आहे." ती हसली. "इथे तुरीचं रान, लांबच लांब, संपतच नाही."

"तुरीचं..." मी म्हणालो आणि थांबलो.

"बघ. आलंच ओठावर."

"पण तूर नव्हती ती."

"माझ्याकडे होती."

तटाच्या फटीतून साळुंक्यांचा गोंगाट चालला होता. कुठली साळुंकी, कुठल्या फटीत, किती, मी सगळं बघत होतो. सांगितलं नाही.

"मला का नाही सांगितलंस कधी?" मी विचारलं. "मी ऐकलं असतं."

"तू ऐकलं असतंस, आणि दुरुस्त केलं असतंस. भालू, तू चित्रकलेचा मास्तर आहेस. पोराने घराला जांभळं छप्पर दिलं की तुझा हात शिवशिवतो. सकाळी मी बदकं म्हणाले."

"बाटल्या होत्या गं."

"होत्या. मी कुठे नाही म्हणते?" तिने ग्लास बाजूला ठेवला. "तू खरं सांगतोस. इतकी वर्षं खरंच सांगत आलास, एक शब्द खोटा नाही. तुझे रंग नसते तर मी कुठे असते मलाच माहीत नाही. पण त्यामुळे झालंय काय, की जे काही मी पाहिलंय ते सगळं तू पाहिलेलं आहे. आज पहिल्यांदा एक रस्ता असा मिळाला, की जो फक्त मला माहितेय."

मला येमूलचा राग येत होता तो बरा होता. त्याला चेहरा होता, केस होते, मांड्या होत्या. आता मत्सर कुणाचा करायचा? एका अस्तित्वात नसलेल्या तुरीच्या रानाचा? मी मागून त्याच रस्त्याने आलो होतो. चाकाखाली तेच डांबर. आणि ज्या रस्त्यावरून ती गेली त्यावर मी पाऊलही ठेवलं नव्हतं. त्यात शिरायला वाट नव्हती. मी विचारून घेतलं असतं तरी तो तिने मला दिलेला रस्ता झाला असता, माझ्या पाठीमागे तिने बोललेला नव्हे.

"मला सांग तरी," मी म्हणालो. माझा आवाज मला आवडला नाही. "सुरुवातीपासून. काय काय होतं."

"नाही," ती म्हणाली. रागाने नव्हे. "आजचा नाही."

येमूल रस्ता ओलांडून येत होता. कानात यंत्रं होती, तरी सवयीने दुरूनच उत्तराच्या ओठांवर नजर. या वेळी मीही तिकडे बघितलं.

"येमूलशेठ," ती म्हणाली, "बिदरचं कळवून टाका. मी येते."

"सर बी येत्यात का? जीपमध्ये बसतील. हात तोवर..."

"माझा हात तोवर बरा होईल," मी म्हणालो. "मुरगाळलाय फक्त. पुढे मी बसेन."

बोलून झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधत होती. एक गाठ मारली, दुसरी मारली, ओढून बघितली.

"भालू," ती म्हणाली, "तुझा हात बरा झाला तरी मी येमूलशेठच्या मागे बसणार आहे."

येमूल चट्कन दुसरीकडे बघायला लागला. त्याला स्पष्ट ऐकू आलं होतं.

"आणि मी?"

"जीपमध्ये ये. नाहीतर घरी थांब. तुझं तू ठरव."

नंतर

मनगट पंधरवड्यात बरं झालं. जीपमध्ये माझी जागा ठेवली होती. निघायच्या पहाटे मी त्यांच्या सायकलीत हवा भरली, आरसा पुसला, आणि घरी थांबलो.

चौथ्या दिवशी दुपारी ती आली. नाक सोललेलं, आवाज बसलेला. पाय पाण्यात सोडून बसली आणि मी न विचारता बोलायला लागली.

"भिंत गुळाची आहे," ती म्हणाली. "काळ्या गुळाची. ढेप फोडल्यावर आत असतो ना, खडबडीत, तसा. आणि दुपारी हात लावला तर नुकतंच कुणीतरी टेकून उठून गेल्यासारखी ऊब. तिन्ही दरवाजे वेगळे बोलतात. पहिला रागीट आहे. मधला म्हातारा. शेवटच्यात शिरलं की आपलाच आवाज आपल्या मागून येतो, म्हणजे कुणीतरी आपली नक्कल करतंय. मी त्याला शिव्या दिल्या, त्याने मला दिल्या."

माझं तोंड उघडलं. सवयीने. दरवाजे तिनाहून जास्त असावेत, मी नकाशात वाचलं होतं. भिंत तांबडी असावी.

पण मी ती पाहिलेली नव्हती.

"पुढे सांग," मी म्हणालो.

ती दिवेलागणीपर्यंत सांगत होती. मी बादलीतलं पाणी दोनदा बदललं. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, वळणावर पाहिलेलं, आता हातभर अंतरावर. तिचं प्रत्येक वाक्य मला आवडत होतं आणि प्रत्येक वाक्याला मी आत जळत होतो, कारण त्या किल्ल्यात ती चार तास होती आणि माझी एकदाही आठवण काढताना ती मला सापडत नव्हती.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. येमूल दावा जिंकला. उत्तराने नंतर किती किल्ले माझ्या मागे बसून पाहिले आणि किती त्याच्या, ते मी मोजत नाही. माझ्या मागे ती बोलते आता. मी ऐकतो. हात शिवशिवतात, हँडल घट्ट धरतो.

बिदरवरून कामाला म्हणून दोनदा जावं लागलं. एसटीत खिडकी मिळाली होती. दोन्ही वेळा गाडी किल्ल्याच्या अंगाला वळली, लोक वाकून वाकून बघायला लागले, शेजारच्याने मला कोपरही मारलं, "बघा की, केवढा तट हाय." मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून एका टायरच्या दुकानाकडे बघत राहिलो, गाडी पुढे निघून जाईपर्यंत.